जाळीचा शर्ट आणि पहिली लोकल

शनिवारी संध्याकाळी मी काय घालतो ते गे बार ठरवत नाही, ट्रेन ठरवते. ठाण्याहून निघायचं, घाटकोपरला उतरून मेट्रो पकडायची, मग अंधेरी, म्हणजे खाली जाळीचा काळा टॉप, वर ऑफिसचा निळा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून, आणि शर्ट उतरवायचा तो थेट पार्टीच्या दारात. परवा आईने तो टॉप दोरीवर वाळत घातला आणि म्हणाली, "हे काय रे, मासे धरायला जातोस का?" मी म्हटलं हो, तसंच काहीसं.

आमच्याकडे रोजचा असा गे बार म्हणाल तर जवळपास नाहीच, एखादा पब एका रात्रीपुरता आपला होतो. त्यामुळे कपडे जागेपेक्षा पार्टी बघून. एकेकाळी कुलाब्याच्या वूडू पबमधल्या शनिवारच्या गे रात्री फेमस होत्या, तिथे जाणारे सीनियर लोक सांगतात की साधा टीशर्ट, जीन्स, बास, कारण कलम ३७७ मुळे समलैंगिक संबंध हा गुन्हा होता आणि घरीही जायचं होतं. २०१८ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा उडवला त्यानंतर चमकी वाढली, असं माझं आपलं मत. आता सहारच्या किट्टी सू क्लबमध्ये ड्रॅग नाइटला, म्हणजे पुरुष बायकी साजशृंगारात नाचतात त्या रात्री, गेलात तर सिक्विन, हील्स, पापण्या एवढ्या लांब की वारा लागावा. त्यातले बरेच कॅबने येतात हो, हे विसरू नका! हाऊस पार्टीत मात्र सगळे कुर्त्यात, का कोण जाणे.

माझा एक मित्र प्रोजेक्टवर सॅन फ्रान्सिस्कोला होता, तो सांगत होता की तिथे एरिया बदलला की कपडे बदलतात, म्हणजे सोमामध्ये लेदर, आणि कॅस्ट्रोमध्ये १९७० च्या दशकात तर युनिफॉर्मच होता, टाइट जीन्स, चेक्सचा शर्ट, जाड मिशी, त्याला चक्क क्लोन म्हणायचे. मी म्हटलं अरे हे तर आपल्या ठाणे स्टेशनला रोज सकाळी फास्टला लटकलेले सगळे काका! मागच्या खिशात रुमाल, त्याचा रंग आणि डावा-उजवा खिसा बघून समोरच्याची आवड ओळखायची अशीही तिकडे पद्धत होती म्हणे. आमचा रुमाल सीट पकडायला टाकायचा, नाहीतर कॉलरमध्ये खोचायचा, त्यातून कोणी काय ओळखणार.

तर मागच्या रविवारी पहाटे पहिल्या लोकलने ठाण्याला उतरलो, शर्ट परत गळ्यापर्यंत बंद, तोंड धुतलेलं, स्वतःवर जाम खुश. प्लॅटफॉर्मवर एक कोळीण मावशी रिकामी पाटी घेऊन भाऊच्या धक्क्याला निघालेली. माझ्याकडे बघतच राहिली. मग स्वतःच्या कानामागे बोट लावून मला खूण केली, मी हात फिरवला तर बोटावर ही एवढी सोनेरी चमकी.

"हळदीला गेलेलास काय रं?"

"हो मावशी."

"डीजे व्हता?"

"रात्रभर."

"मंग बरोबर," म्हणाली, आणि पाटी उचलून लेडीज डब्याकडे गेली.