तुम्ही विचारलंत म्हणून: नको झालात, तर ठेवून का घेतात?

दरवर्षी अडीच-तीन आठवड्यांची रजा काढून मी जर्मनीहून मिरजेला येते. पहिला दिवस चॉकलेटं वाटण्यात जातो, दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतात. पूर्वी पगाराचा असायचा, मग लग्नाचा. गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीन आलाय आणि तो कुणाच्याही तोंडून येतो. गल्लीतले निवृत्त सर विचारतात, बँकेतली मैत्रीण विचारते, स्टेशनवरून आणणारा रिक्षावाला विचारतो. "तिकडं आता तुम्ही लोक नको झालात म्हणे. मग ठेवून का घेतात?"

बातम्या त्यांनी वाचलेल्या असतात, आणि त्या खोट्या नाहीत. 2025 च्या फेब्रुवारीत जर्मनीत निवडणूक झाली. परदेशी लोकांना परत पाठवा म्हणणाऱ्या पक्षाला 20.8 टक्के मतं पडली, दुसरा क्रमांक. सरांना मी आजवर "गरज आहे म्हणून" एवढंच सांगत आले. उत्तर चुकीचं नाही, आळशी आहे. सरांनी यंदाही तोच प्रश्न विचारला, तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

मी नर्स आहे. मिरजेत सरकारी नर्सिंग स्कूलमधून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला, सांगली-मिरजेच्या खासगी दवाखान्यांत सहा वर्षं काढली. रात्री जर्मन शिकले, पुण्याला मॅक्सम्युलर भवनात परीक्षा दिली आणि 2017 साली, 29 व्या वर्षी, श्टुटगार्टजवळच्या एका गावात वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामाला लागले. अशा जागेला इथे हाइम म्हणतात. मी वृद्धाश्रम म्हणत नाही, कारण त्या शब्दाबरोबर आपल्याकडे टाकून दिलेले आईबाप डोळ्यांपुढे येतात. इथे येतात ते बहुतेक स्वतःच्या पायांनी उठू न शकणारे, गिळताना ठसका लागणारे, स्वतःचं नाव विसरलेले. जर्मनची बी-टू ही वरची पातळी पास होऊन आलेल्या मला पहिल्या दिवशी आजींचं एकही वाक्य कळलं नाही. त्या अस्सल गावठी श्वाबी, म्हणजे त्या भागातली बोली, बोलत होत्या. पुस्तकातनं मराठी शिकून आलेल्या माणसाला सांगलीत "काय करायलाईस?" ऐकून जे होईल, ते माझं झालं.

आता पगाराची पावती काढते, कारण सर गणिताचे. माझा ढोबळ पगार, म्हणजे काही कापायच्या आधीचा, 3,700 युरो. हातात येतात 2,400 च्या आसपास. मधले कुठे जातात? आयकर. आरोग्यविमा. बेकारीविमा. शुश्रूषाविमा, म्हणजे म्हातारपणी कुणी अंघोळ घालायची वेळ आली तर त्याचा, हा 1995 पासून सुरू झाला. या शेवटच्या विम्यात मूलबाळ नसलेल्यांना थोडा जादा हप्ता भरावा लागतो, तो मी भरते. मिरजेत याच कारणासाठी काकू लोक नुसतं बोलतात. जर्मनी निदान पावती देते.

आणि पेन्शन. पगाराच्या 18.6 टक्के, निम्मे माझ्याकडून, निम्मे मालकाकडून. माझ्या नावावर महिन्याला 688 युरो होतात. हे पैसे माझ्यासाठी कुठल्या पेटीत साठत नाहीत, हे मलाही उशिरा कळलं. या महिन्यात कापलेले पैसे याच सुमारास आजच्या पेन्शनरांना वाटले जातात, कमी पडलं तर सरकार तिजोरीतून भर घालतं. माझ्या मजल्यावरच्या एका आजींचं पेन्शन 1,240 युरो आहे, त्या स्वतःच सांगतात. म्हणजे माझ्यासारख्या दोघींचे हप्ते एकत्र केले की आजींचा महिना निघतो, वर थोडे उरतात. सकाळी मी त्यांचे केस विंचरते, आणि त्यांच्या पेन्शनातला वाटाही माझाच. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एका पेन्शनरामागे सहा कमावते होते. आता दोन. ही दोनांची संख्या आणखी खाली जाऊ नये, म्हणून कुणीतरी बाहेरून यावं लागतं.

इथे व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक आकडा तुम्हीही पाहिला असेल: जर्मनीत सगळ्यात जास्त पगार भारतीयांना. खरं आहे. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या भारतीयांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर मधोमध उभ्या माणसाचा ढोबळ पगार 2024 च्या अखेरीला 5,400 युरोंच्या आसपास होता, खुद्द जर्मनांपेक्षा हजारभरानं जास्त. पण ती रांग इंजिनियर आणि सॉफ्टवेअरवाल्यांची. मी त्या रांगेत बरीच मागे उभी आहे. हा आकडा पुढे ढकलताना जो अभिमान असतो, त्यात "आम्ही इतर परदेशी लोकांसारखे नाही" असा एक वास असतो, आणि मला तो आवडत नाही. माझ्या हाइममध्ये बोस्नियाची, फिलिपिन्सची, कॅमेरूनची माणसं आहेत. त्यांच्याशिवाय माझी एक पाळी निघणार नाही.

सर म्हणतील, पण सगळेच काही भरणारे नसतात. काही नुसते घेणारेही असतील. असतात ना. भाषा न आलेले असतात, आजारी असतात, वर्षानुवर्षं कागदांच्या रांगेत अडकलेले असतात. मी स्वतः पहिले 14 महिने, माझं सर्टिफिकेट तपासून होईपर्यंत, मदतनिसाच्या पगारावर होते. सहा वर्षं आयव्ही लावलेल्या हातांना सलाईनला हात लावायची परवानगी नव्हती, मी जेवण भरवत होते आणि चादरी बदलत होते. त्या 14 महिन्यांत मी कमी कर भरला तो कुणाच्या आळसामुळे, ते तुम्हीच ठरवा. आणि दुसरं, जर्मन बाळही पहिली वीस वर्षं नुसतं घेतच असतं. त्याचं पाळणाघर, शाळा, दात, चष्मा, सगळं समाज भरतो. मी इथे उतरले ती पूर्ण वाढ होऊन. गोवराची लस मिरजेची, पाढे मिरजेच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेचे, नर्सिंग महाराष्ट्र सरकारच्या खर्चानं. विमानतळावर उतरल्यावर पंधराव्या दिवशी कामाला लागले. तयार माल.

पण खरं सांगू का, पावतीवरचं हे सगळं मला दुय्यम वाटतं. मला माझा उपयोग कळला तो एका रिकाम्या खोलीमुळे.

मी आले तेव्हा आमच्या मजल्यावर दोन खोल्या बंद होत्या. पलंग होते, गाद्या होत्या, बाहेर वेटिंग लिस्ट होती, पण नर्सा नव्हत्या. किती रहिवाशांमागे किती नर्सा हव्यात याचा नियम आहे. माणूस नसेल तर खोली उघडता येत नाही. माझं आणि बोस्नियाच्या एकीचं रजिस्ट्रेशन एकाच महिन्यात झालं आणि त्या दोन खोल्या उघडल्या. एकीत ज्या आजी आल्या त्यांची मुलगी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात हिशेबनीस होती. आईला बघायला म्हणून दोन वर्षं अर्धवेळ काम करत होती, रात्री तीनदा उठत होती. आई इकडे आल्यावर दीड महिन्यानं ती पूर्णवेळ कामावर परतली. तिचा वाढलेला पगार, त्यावरचा कर, तिच्या कारखान्याचं सुटलेलं काम, यातलं काहीही माझ्या नावावर कुठेच लिहिलेलं नाही. ते तिच्या नावावर लागलं, आणि लागायलाच हवं. पण अर्थव्यवस्थेला हातभार वगैरे जे म्हणतात, ते मला तरी त्या बाईच्या चेहऱ्यावर झोप दिसली तेव्हा समजलं. देशात 2023 च्या अखेरीला शुश्रूषेची गरज असलेले 57 लाख लोक होते, त्यातले बहुसंख्य घरीच. म्हणजे अशा लेकी-सुना किती, हिशेब करा. जर्मन नर्सा निवृत्त होतायत, आणि 2022 पासून या क्षेत्रात जी काही माणसं वाढली ती परदेशी आहेत म्हणूनच वाढली.

मग नको कसे झालो? त्याचंही सांगते. एका आजोबांचा मुलगा दर रविवारी येतो. भला माणूस. ख्रिसमसला मला न चुकता बिस्किटांचा डबा आणतो. निवडणुकीच्या आधी त्याच्या पिशवीत त्या पक्षाचं पत्रक दिसलं. माझं लक्ष गेलेलं त्यानं पाहिलं आणि घाईनं म्हणाला, "तुमच्याबद्दल नाही हं हे. तुम्ही तर कामाच्या." मी हसले आणि आजोबांची कूस बदलायला लागले. आमच्या स्वयंपाकघरातला अफगाण पोरगा त्याच वेळी आजोबांसाठी सूप घेऊन आत आला. त्याच्याबद्दल आहे का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. अजून झालेलं नाही.

ही रीत जुनीच आहे. 1955 मध्ये इटलीशी, 1961 मध्ये तुर्कस्तानाशी करार करून जर्मनीनं कामगार मागवले, नाव दिलं "पाहुणे कामगार". तुर्की माणसांना आधी दोनच वर्षं ठेवायचं ठरलं होतं. ती अट पुढे काढली गेली, आणि त्यासाठी जोर लावला तो मालकांनीच, कारण शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी घालवून पुन्हा नवशिका घेणं त्यांना परवडेना. 1964 मध्ये दहा लाखावा कामगार आला, पोर्तुगालचा एक सुतार, आर्मांदो रोद्रिगेश द सा. कोलोनच्या स्टेशनवर बँड वाजवून त्याला एक मोपेड भेट दिली. ती मोपेड आज बॉनच्या संग्रहालयात आहे. तो माणूस पुढे आजारी पडून पोर्तुगालला परतला आणि साठवलेले पैसे औषधपाण्यावर घालवून 1979 मध्ये गेला; जर्मनीत भरलेल्या विम्यातून त्याला आजारपणाचा भत्ता मिळू शकत होता, हे त्याला माहीतच नव्हतं. नव्या आलेल्या पोरींना मी विम्याचे कागद बसवून समजावते, त्यामागे हा सुतार आहे.

1973 मध्ये तेलाचं संकट आलं आणि भरती बंद झाली. तोवर आलेल्या सुमारे 1 कोटी 40 लाखांपैकी 1 कोटी 10 लाख परत गेले. राहिले त्यातले आता माझ्याकडे येतात.

एक तुर्की आजोबा आहेत. तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात पत्रे दाबले. स्मृतिभ्रंशात शेवटी शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते. त्यांचं जर्मन गेलंय, तुर्की तेवढी शिल्लक आहे. मला तुर्की येत नाही. पण एकदा अंघोळ घालताना ते "सबून" म्हणाले आणि मी साबण पुढे केला. मग लक्षात आलं, आमच्यात बरंच सामाईक आहे. हवा म्हणजे हवा. दुनिया म्हणजे दुनिया. फारशी-अरबीतून त्यांच्याकडे गेलं ते आमच्याकडेही आलं होतं. संध्याकाळी चहा झाला की आजोबांना वाटतं आपण हॉटेलात बसलोय. हात वर करून मला हाक मारतात, "हेसाप!" हिशेब. बिल आणा. खिसा चाचपतात, पाकीट सापडत नाही, मग कावरेबावरे होतात. त्यांच्या मुलीनं मला एक शब्द शिकवून ठेवलाय. "ओदेंदी," मी म्हणते, दिलं गेलंय. तेवढ्यावर ते शांत होतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर.

आता राहिली सरांची खरी बोच, जी ते तोंडानं विचारत नाहीत: मग आमचं काय? मिरजेत 1894 मध्ये मिशनचं हॉस्पिटल सुरू झालं, अख्ख्या दक्षिण महाराष्ट्राचे आणि पलीकडच्या कर्नाटकाचे रोगी इथे येतात, आणि इथल्याच नर्सा तिकडे. भारतात हजार लोकांमागे दोनच्या आसपास नर्सा, जर्मनीत त्याच्या पाचपटीहून जास्त, तरी त्यांना कमीच पडतात. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं मी राहते त्याच, श्टुटगार्टच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात नर्सा आहेत. याला माझ्याकडे उत्तर नाही. पैसे पाठवते, हे उत्तर नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत 2023-24 मध्ये परदेशातून आलेल्या पैशांत सगळ्यात मोठा, 20.5 टक्के वाटा महाराष्ट्राचा होता, केरळच्याही पुढे. त्यात माझे महिन्याचे 400 युरो आहेत. पण युरो सलाईन लावत नाहीत.

त्या 400 मधून आईचं चालतं. आईला पार्किन्सन आहे. तिच्याकडे जत तालुक्यातल्या एक मावशी राहायला असतात. दुष्काळी गाव, नवरा ऊसतोडीला जायचा, आता जात नाही. मी इथे परक्या आज्यांना अंघोळ घालते आणि मावशी तिकडे माझ्या आईला. आई त्यांना सिस्टर म्हणते, मला इथे श्वेस्टर म्हणतात.

या रजेत निघायच्या आदल्या रात्री मावशींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. वाटलं उचल हवी असेल. तर म्हणाल्या, "थोरलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय. तिला जर्मन शिकायचं म्हणतीया. फी किती पडती ओ ताई?"

मी पहिल्या पातळीची फी सांगितली, पुण्यात राहायचा खर्च सांगितला. एजंटाला एक रुपया द्यायचा नाही, हे दोनदा सांगितलं. मी दिले होते. त्यांनी सगळं बोटांवर मोजून घेतलं. मग मी विचारलं, "आणि ती गेली, तर उद्या तुमच्याकडं कोण बघणार?"

"मी हाय की अजून धडधाकट," मावशी म्हणाल्या, आणि आईची रात्रीची गोळी घेऊन आत गेल्या.