बोटाचा डाग

इंग्लंडमध्ये जुन्या हस्तलिखितांच्या दुरुस्तीचं काम करते म्हटलं की नात्यातले लोक विचारतात, "म्हणजे बाइंडिंग का?" तेही करते. पण बहुतेक दिवस सुटू लागलेला रंग मायक्रोस्कोपखाली जागच्या जागी बसवण्यात जातात.

त्या दिवशी टेबलावर तेराव्या शतकातल्या एका 'अपोकॅलिप्स'चं सुटं पान होतं. बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाची, योहानाने पाहिलेल्या जगाच्या अंताची, ही चित्रपोथी. १२४० ते १२७५ च्या आसपास इंग्लंडमध्ये अशा पोथ्यांचं पीकच आलं होतं. १२६० साली जग पालटणार असा तेव्हा अनेकांचा होरा होता. वर अर्धं पान चित्र, खाली मजकूर. समुद्रातून सात डोक्यांचं, दहा शिंगांचं श्वापद वर येतंय आणि योहान चौकटीबाहेर उभा राहून झरोक्यातून आत डोकावतोय. हा डोकावणारा योहान मला फार आवडतो.

लाल रंग मिनियम, म्हणजे आपला शेंदूर. 'मिनिएचर' हा शब्द त्यावरूनच आला. हिरवा जंगाल, म्हणजे तांब्याचा गंज. तो पानाचं कातडं खातो, काही ठिकाणी आरपार. रंगाचे पापुद्रे बसवायला स्टर्जन माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला सरस वापरतो, पाण्याइतका पातळ, दोन-तीन केसांच्या ब्रशने. थेंब जरा मोठा झाला तर संपलंच, कारण पान वासराच्या कातड्याचं आहे आणि ओल लागली की साडेसातशे वर्षांनंतरही ते वासराच्या पाठीसारखं वळायला बघतं. या कामात माझा हात चांगला आहे, हे सांगायला मी लाजत नाही.

घोळ झाला तो सोप्या कामात. पान प्रदर्शनाला जायचं होतं आणि प्रदर्शनवाल्यांना सगळं कालच हवं असतं. जुन्या तपासणी-अहवालात नोंद होती : 'उजव्या समासात मळ.' मी कोरडा स्पंज घेऊन टोकाकडून पुसायला लागले. सेंटिमीटरभर स्वच्छ झालं. मग फोटोसाठी दिवा बाजूने, अगदी आडवा लावला.

सातपैकी दोन तोंडांना डोळे नव्हते.

पापुद्रा गळून पडला की कडा तुटलेल्या गिलाव्यासारखी धारदार दिसते. इथे कडा विरघळत गेलेली होती. कुणीतरी बोट ओलं करून ते डोळे घासून काढले होते. आणि तिथून निघालेला तपकिरी-लालसर पट्टा चौकट ओलांडून समासात जात होता, थेट मी स्वच्छ केलेल्या जागेपर्यंत. बोट पुसलं होतं त्याने. किंवा तिने.

मध्ययुगातले वाचक असं करत. सैतानाचं तोंड खरवडत, संतांच्या पायांचं चुंबन घेत. कित्येक पोथ्यांत त्याच्या खुणा आहेत. मला हे माहीत होतं, विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं. दहाव्या शतकात स्पेनमध्ये मायुस नावाच्या चित्रकाराने आपल्या अशाच पोथीत लिहून ठेवलंय की, येणाऱ्या न्यायाच्या दिवसाची जाणत्यांना धास्ती वाटावी म्हणून ही चित्रं काढली. इथे एकाला ती खरंच वाटली होती. त्याचा पुरावा मी स्पंजने पुसत होते.

पुण्यात शिकत असताना पोथ्यांमध्ये चुकलेली अक्षरं हरताळाने झाकलेली पाहिली होती. तो पिवळा धमक हरताळ निदान दिसतो तरी. मी फासलेला दिसतही नाही.

वरिष्ठ बाईंना लगेच सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "स्पंज फेकला नाहीस ना?" तो कापून काचेच्या छोट्या बाटलीत ठेवला. अहवालात चूक माझ्या नावाने लिहिली. संग्रहपाल म्हणाले, "अजून चार सेंटिमीटर आहे की!" माणूस भला आहे, पण त्याला सगळं फोटोपुरतं दिसतं. पाटी लिहिणाऱ्यांनी 'चित्राचं किरकोळ नुकसान' असं लिहिलं होतं. भांडून ते बदलून घेतलं.

'मळ' हा शब्द अहवालात कुणी लिहिला ते शोधायचा मोह झाला होता. शोधलं नाही. त्याच्याजागी मी असते तर मीही तोच लिहिला असता.

बाटली अजून माझ्या खणात आहे. तिला पानाचाच क्रमांक द्यायचा की वेगळा, यावर दोन बैठका झाल्या. ठरलेलं नाही.