३९६ फोटो का जुळत नव्हते

माझ्या संग्रहात इंजिने, प्रवासी डबे आणि वाघिणी (मालडबे) मिळून रेल्वेची ३१८ मॉडेल्स आहेत. त्यांची फोटोंसह सूची करायला घेतली, तेव्हा खरे कष्ट फोटो काढण्यातच असतील, असे मला वाटत होते. प्रत्येक मॉडेलच्या दोन्ही बाजू, तळ आणि मूळ खोक्यावरची चिठ्ठी असे चार फोटो काढले. एकूण १,२७२ फोटो झाले आणि ते काम बिनबोभाट पार पडले.

फोटोंना ००१-१, ००१-२ अशी नावे दिली आणि तक्त्यात प्रत्येक मॉडेलसमोर त्याचा तीन अंकी क्रमांक लिहिला. हे दोन्ही क्रमांक पडताळून सॉफ्टवेअरने फोटो आपोआप त्या त्या नोंदीला लावायचे, अशी सोय होती. अपलोड संपल्यावर मात्र एकच ओळ उमटली : ‘३९६ फोटो जुळले नाहीत.’ कोणते फोटो आणि का, याचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. मी फोटोंचा आकार कमी केला, नावाच्या शेवटचे ‘जेपीजी’ मोठ्या लिपीतून छोट्या लिपीत आणले, शंभर-शंभरांचे गठ्ठे करून पाहिले. आकडा मात्र ३९६ वरून हलला नाही. चौथ्या संध्याकाळी मी त्याला चाराने भागले आणि ९९ हे उत्तर आले. म्हणजे ००१ ते ०९९ एवढीच मॉडेल्स अडली होती. तक्त्याची सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल, स्प्रेडशीटमध्ये उघडताच ००१ चा १ होत होता. तो मला दिसलाही होता, पण केवळ दिसण्यातला फरक समजून मी सोडून दिला होता.

मग रकाना ‘मजकूर’ प्रकारचा करून शून्ये पुन्हा भरली, तरीही जुळेना. कारण अपलोडपूर्वी एकदा खात्री करावी म्हणून मी तीच सीएसव्ही पुन्हा उघडून जतन करत होतो आणि त्या खात्री करण्यानेच शून्ये पुन्हा गळत होती. रकान्याचा प्रकार सीएसव्हीत साठवलाच जात नाही, एवढी साधी सूचना त्या पडद्यावर असती तर माझ्या चार संध्याकाळी वाचल्या असत्या, याची चीड अजून गेलेली नाही. शेवटी प्रत्येक क्रमांकाआधी ‘म’ हे अक्षर जोडले, फोटोंची नावेही एकगठ्ठा बदलली आणि सगळे फोटो एका फेरीत लागले. सीएसव्ही तपासायचीच असेल, तर ती साध्या मजकूर संपादकात उघडावी.

आधी सांगायला हवे होते ते असे, की पहिली चाचणी दहाच मॉडेल्सवर घ्यावी आणि त्यांत सूचीच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी सगळी असावीत. फोटोंच्या मूळ प्रती वेगळ्या ठेवाव्यात, नावे बदलायची ती नकलांचीच.

सगळे जुळल्यानंतरही मी प्रत्येक नोंद उघडून पाहिली, हे बरे झाले. एकाच रंगाच्या दोन वाघिणींचे फोटो मीच अदलाबदल करून नोंदवले होते. १:८७ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याएवढ्या मॉडेलवर, खऱ्या वाघिणीवरचे १२ सेंटिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम १.४ मिलिमीटरचे होते. त्यामुळे भिंगाखाली बाजूचा क्रमांक वाचला, तेव्हाच कोणती कोणती ते उलगडले.