मिरजेलाच का जातो?

बेळगाव शहरातली मंडळी मला हमखास विचारतात, "तुमच्या भागातली माणसं अजून मिरजेलाच का धावतात? इथं एवढी मोठमोठी हॉस्पिटलं झालीत की!" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अंतर हे एक कारण आहेच. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या शेडबाळहून गाडीनं विजयनगर स्टेशन गेलं की मिरज. पण कुडची, रायबाग, पार चिकोडीकडची माणसंसुद्धा तिकडंच जायची. मिरजेच्या त्या दवाखान्याचं पूर्ण नाव आमच्याकडं कुणी घेत नसे. "मिशनात नेलंय" म्हटलं की ऐकणाऱ्याला कळायचं, दुखणं मोठं आहे, पण माणूस चांगल्या हातात आहे.

हा विश्वास डॉ. विल्यम वानलेस यांनी कमावलेला. कॅनडात जन्मलेला हा माणूस 1889 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मिशनतर्फे इकडं आला. आधी सांगलीत छोटा दवाखाना चालवला, मग 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं. मोतीबिंदू आणि पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांचं नाव लांबवर झालं. 1928 मध्ये निवृत्त होऊन ते परत गेले. म्हणजे उमेदीची जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी आपल्या या मुलखातल्या आजारी माणसांना दिली. ज्यांच्याकडं बघायलाही कुणी तयार नसे, त्या क्षयरोग्यांसाठीही त्यांनी सोय उभी केली. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीचं नाव त्यांचंच.

मला मात्र त्यांचं सगळ्यांत मोठं काम वेगळंच वाटतं. 1897 मध्येच त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढली आणि इथल्याच पोरांना हाताशी धरून शिकवलं.

आमच्या पणजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिशनात झालं, तेव्हा वानलेससाहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी काम अडलं नाही. दोन्ही डोळ्यांनी अंधार झालेली बाई, भाकरीसुद्धा चाचपून खायची. ऑपरेशननंतर डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, आणि मान हलवायची नाही अशी सक्त ताकीद. आजी शेजारी बसून तिला चमच्यानं पेज भरवायची. तेव्हा डोळ्यात नवं भिंग बसवत नसत, म्हणून पुढं जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पणजीनं सूप मागून घेतलं आणि उंबऱ्याशी बसून जोंधळ्यातले खडे वेचायला लागली. मरेपर्यंत ते काम तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली आणि आमचा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, मिरज पलीकडं राहिली. त्यावर आमच्या घरात किती रात्री बोलणं झालं असेल! पण दुखणं आलं की मिरजेची वाट धरायची, हे काही बदललं नाही. मिशनात कानडी बोलणारा असो की मराठी, खाट शेजारीशेजारी असायची. आजीची तिथं अथणीच्या एका कानडी बाईशी ओळख झाली, ती पुढं कित्येक वर्षं टिकली. दोघींना एकमेकींची भाषा निम्मीच यायची.

बेळगावच्या हॉस्पिटलांशी आमचं वाकडं काही नाही. माझी भाची तिथंच डॉक्टरकी शिकतेय. पणजीचा चष्मा माझ्याकडं आहे, एका काडीला आजीनं गुंडाळलेला काळा दोरा अजून तसाच. भाचीचं शिक्षण पुरं झालं की तो तिला देणार आहे.