रोस्ट्राटा गेली, पण हौद सापडला

रविवारी सकाळी माझ्या युक्का रोस्ट्राटाचा (कोरड्या मुलखातलं, टोकदार पानांचं शोभेचं झाड) शेंडा हातात आला. ओढला नव्हता हो! पानांच्या मध्यात अडकलेली शेवग्याची काडी काढायला दोन बोटं घातली, तर अख्खा तुरा अलगद वर. खाली तपकिरी लगदा आणि आंबलेल्या पिठाचा वास. तीन वर्षं कुंडीत ठणठणीत असलेली बाई जूनच्या पहिल्या आठवड्यात वाफ्यात उतरवली आणि अडीच महिन्यांत संपली. तिच्यासाठी किती मोजले होते ते घरात अजून कुणाला माहीत नाही, त्यामुळे इथेही लिहीत नाही.

पहिला संशय अर्थातच पावसावर. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. रोस्ट्राटाचं माहेर पश्चिम टेक्सास आणि मेक्सिकोतलं कोआविला, तिथे याच्या निम्माही पडत नाही. म्हणून संध्याकाळपर्यंत ठरवूनही टाकलं, वाफ्यावर पॉलिकार्बोनेटचं छप्पर. फॅब्रिकेटरला फोन केला, मंगळवारी माप घ्यायला येतो म्हणाला.

रात्री मात्र माझ्या दुसऱ्या युक्काने, अॅलोइफोलियाने, झोप उडवली. ती त्याच वाफ्यात, चार फुटांवर, आणि तिचीही खालची पानं पिवळी पडत होती. पण अॅलोइफोलिया ही काही वाळवंटातली नाही. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर वाढते ती, आणि तिथे पुण्यापेक्षा जास्त पाऊस पडतो. दोष नुसत्या पावसाचा असता तर तिने आपल्याकडे हसत हसत दिवस काढायला हवे होते. मग बिनसलं कुठे?

वाफ्यात भरलेल्या मातीच्या मिक्सवर मी शपथ घ्यायला तयार होते. चाळलेला मुरूम चार घमेली, विटांचा चुरा दोन, जुनं शेणखत एक. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) शून्य. वरून तांब्याभर पाणी ओतलं की बघता बघता गडप. गडप होऊन जातं कुठे, हा प्रश्न मला कधी पडला नाही, हीच चूक.

सोमवारी पहार आणि फावडं घेऊन रोस्ट्राटाच्या जागी खणलं. फूटभर खाली गेले आणि फावडं 'पचक' वाजलं. चार दिवस पावसाचा थेंब नव्हता, तरी खाली पाणी. उन्हाळ्यात मी दोन फूट खड्डा काढून, तळाला चार इंच खडी टाकून, वर मिक्स भरलं होतं. फोटोंसकट मिरवलंही होतं. आजूबाजूला सगळी आमची काळी माती. खात्री करायला शेजारी दुसरा खड्डा काढला, बादलीभर पाणी ओतलं आणि काडीने खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जेमतेम चार बोटं उतरलं होतं. काळी माती भिजली की फुगते, उन्हाळ्यातल्या भेगा मिटतात आणि पाणी कुठूनच निघत नाही. म्हणजे मी वाफा केलाच नव्हता, अंगणात हौद बांधला होता आणि त्यात युक्का भिजत घातल्या होत्या.

खडीचं तर आणखी वाईट. वरच्या बारीक कणांतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरच्या थराचा तळ पूर्ण ओला झाल्यावरच ते खाली गळतं. म्हणजे 'निचऱ्यासाठी' घातलेली खडी चिखल उलट वर, मुळांजवळ आणून ठेवते. कुंडीतही तेच. मी कितीजणांना 'तळाला खडी घाला' म्हणून सांगितलंय देव जाणे. घातली असेल तर काढा.

अॅलोइफोलिया वाचेल असं वाटतंय. मुळं धुतली, पांढरा भाग दिसेपर्यंत कापत गेले, जखमांना साफ या बुरशीनाशकाची पूड चोळली आणि व्हरांड्यात टेबलफॅनसमोर उलटी टांगून ठेवलीय. ऑगस्टच्या दमट हवेत नुसतं सावलीत वाळवण्याला अर्थ नाही, पंखा हवाच. कापायला दहा रुपयांचा पेपर कटर घेतला. महागडी सिकेटर (छाटणीची कात्री) गाभा चेंगरते, मला ती या कामाला अजिबात आवडत नाही. हातमोजे मात्र वेल्डिंगचे. बागकामाचे म्हणून विकतात त्यातून अॅलोइफोलियाचं टोक सरळ आरपार जातं.

आता आनंदाची बातमी. जुलैत कुजलेल्या जायगँटियाचा (तीही युक्काच) वरचा ओंडका कापून पाण्याच्या मोटारीच्या पेटीमागे फेकला होता. काल पहार शोधताना दिसला. ना माती, ना पाणी, आडवा पडलेला, आणि सालीतून तीन डोळे फुटलेत! सर्वांत मोठा करंगळीच्या नखाएवढा, टोकाला गुलाबीसर. मी पहार विसरून तिथेच उकिडवी बसले.

दुसरी रोस्ट्राटा लगेच मागवणार नाही. ऑनलाइन एकदा त्या नावाने साधी जायगँटिया गळ्यात पडली होती. मागवायचीच असेल तर पानाच्या कडेचा जवळून फोटो मागा: अरुंद निळसर पान आणि कडेला बारीक पिवळी रेघ हवी. मी तर आता उरुळी कांचनला नर्सरीत जाऊन हाताने चाचपूनच घेणार. घरी आणल्यावर पिशवीतला लाल मातीचा गोळा आधी धुऊन काढायचा, हे आहेच.

हे लिहिता लिहिता सासूबाई चहा घेऊन आल्या आणि वाफ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, ते घायपात तू कुंपणाबाहेर राड्यारोड्यावर फेकलंस, ते बघ कसं माजलंय. घायपाताला खड्डा कोण करतं? ते बांधावरच लावायचं." लहानपणी त्यांच्याकडे बांधावरच्या घायपाताची पानं कुजवून वाख काढायचे आणि चऱ्हाटं वळायचे. जाऊन पाहिलं. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, गिलाव्याचे ढेकळ, आणि त्यावर पाच पिल्लं टरारलेली. सगळा पावसाळा उघड्यावर!

तेव्हा बेत बदलला. खणायचं नाहीच, वर चढायचं. कंपाऊंडच्या भिंतीपासून हातभर सोडून काळ्या दगडाची ताल (दगडी बांध) रचायची, दोन फूट उंच, सांध्यात सिमेंट नाही, म्हणजे पाणी बाजूनेही निघेल. आत राडारोडा, वर तेच मिक्स, सगळं उताराला. अगेव्ह व्हिक्टोरिया रेजिनी (घायपाताचीच बहीण) उतारावर तिरकी लावीन, मध्यात पाणी साचायला नको. वाटेच्या बाजूला बिनकाट्याची अगेव्ह अॅटेन्युआटा. अॅलोइफोलिया मागे आणि प्रत्येक टोकावर थर्मोकोलचा मणी, कारण दूधवाल्याचा मुलगा तिथूनच पळतो.

छप्पर रद्द. त्या फॅब्रिकेटरला फोन करायला हवा, तो तासाभरात टेप घेऊन दारात उभा राहील.