आमची वाटचाल : मालिकेतल्या माणसांची कपाटं

ठाण्यात पहिला गाळा घेतला तेव्हा मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई ब्लाउज शिवायचो, फॉल-बिडिंग करायचो. टीव्हीशी संबंध रात्री जेवताना बघण्यापुरता. 1999 मध्ये अल्फा मराठी आलं, मागोमाग ई टीव्ही मराठी, आणि घोडबंदर रोडच्या बंगल्यांत शूटिंगच्या गाड्या दिसायला लागल्या. दूरदर्शनच्या जमान्यात कलाकार बरेचदा घरच्याच साड्या बॅगेत घालून आणत. आठवड्याला एक भाग होता तोवर ते खपून गेलं, रोजच्या मालिकेला कुठलं पुरायला! एका युनिटला संध्याकाळच्या सीनसाठी दुपारी ब्लाउज हवा होता. तो वेळेत दिला आणि तिथल्या ड्रेसदादांनी, म्हणजे सेटवर कपडे सांभाळणाऱ्यांनी, आमचा नंबर पुढच्या युनिटला दिला. जाहिरात म्हणाल तर एवढीच.

सुरुवातीला आम्ही फक्त शिवायचो. पात्राने काय घालायचं ते दुसरं कोणी ठरवायचं. म्हणजे काय, तर दादरला हिंदमाताला जाऊन ‘जरा भारीतल्या’ साड्या उचलायच्या. त्यामुळे चाळीत राहणारी, महिनाअखेरीला दूधवाल्याला चुकवणारी बाई रोज नव्या साडीत! जाऊबाईंना ते बघवेना. त्यांनी एका कार्यकारी निर्मात्याला सरळ सांगितलं, आधी या बाईचं कपाट ठरवा. घरात नेसायच्या साड्या किती, बाहेरच्या किती, लग्नातली एक, आईने दिलेली एक. मग नेसवायचं ते त्यातूनच. साडी पुन्हा दिसली तर बिघडत नाही, उलट ती बाई खरी वाटते. निर्मात्याला पटलं ते खर्च वाचतो म्हणून, पण पटलं. तेव्हापासून आमच्याकडे नवं पात्र आलं की पहिलं कपाट लागतं.

प्रेक्षक किती बारकाईने बघतात याबद्दल शंका असेल तर ‘होणार सून मी ह्या घरची’ आठवा. 2013 ला मालिका आली आणि बायका सराफाकडे ‘जान्हवीचं मंगळसूत्र’ मागायला लागल्या. ते काम आमचं नव्हतं. हेवा मात्र वाटला.

कॅमेऱ्याची तऱ्हा आम्ही सेटवरच शिकलो. पांढरंशुभ्र कापड दिव्यांखाली भगभगतं, म्हणून पांढरी साडी, सदरा, धोतर आधी चहाच्या फिक्या पाण्यातून काढायचं. बारीक चौकडा आणि जवळजवळच्या रेघा पडद्यावर थरथरतात, त्या बाद. खळीची सुती साडी दिसते झकास, पण छातीवरचा माइक तिची सळसळ उचलतो आणि साउंडवाला ओरडतो. मागे क्रोमाचा हिरवा पडदा असला, म्हणजे हिरव्याच्या जागी नंतर दुसरं दृश्य बसवायचं असलं, तर हिरवा शालू नाही, मग लग्न असो की डोहाळजेवण. 2016 मध्ये मराठी वाहिन्या एचडीत यायला लागल्या आणि खोटी जर, लोंबता दोरा, उघडा हूक सगळंच दिसायला लागलं. आमच्या मास्तरांनी हातशिलाई परत सुरू केली.

पोट चालतं ते मात्र कंटिन्युइटीवर. नायिका दारातून बाहेर पडते तो शॉट आज, अंगणातला पुढच्या आठवड्यात. मधे साडी धुवायची, इस्त्री करायची, आणि तरी ती पहिल्याइतकीच चुरगळलेली दिसली पाहिजे. आमच्या प्रत्येक पिशवीवर भागाचा आणि सीनचा नंबर. आत साडी, परकर, ब्लाउज, बांगड्यांची पुडी आणि एक कागद : पदर मोकळा, पिन डाव्या खांद्यावर मागून, कानात कुड्या, घड्याळ नाही. हल्ली ड्रेसदादा मोबाइलवर फोटो काढतात. कागद आम्ही तरी सोडला नाही, कारण समोरच्या फोटोत मागची पिन दिसत नाही.

लग्नाचा ट्रॅक लागला की सगळं दुप्पट. एक शालू घामाने बसला तर दुसरा हुबेहूब हाताशी लागतो. येवल्याला हातमागाच्या दोन सारख्या पैठण्या हव्या असतील तर मागावरच आधी सांगून ठेवावं लागतं. आमचं लग्न लेखक मंगळवारी ठरवतात आणि शुक्रवारी हळद लागते. मग यंत्रमागाची सेमी पैठणी, दोन नग.

ऐतिहासिक मालिका वाढल्या तसं आम्ही गर्दीचं काम घेतलं : मावळे, भालदार, बाजारातल्या बायका. राजाचा जिरेटोप सगळे बघतात, पण मागचा मावळा कोऱ्या कापडात उभा राहिला तर दरबाराचं स्नेहसंमेलन होतं. म्हणून बाराबंद्या दगडावर घासायच्या, कावेचं पाणी मारायचं, उन्हात टाकायच्या. काखेत वेगळी पट्टी जोडायची, नाहीतर तलवार उगारली की शिवण गेली.

मार्च 2020 मध्ये शूटिंग थांबलं तेव्हा मशिनी मास्कवर चालवल्या. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली आणि युनिटं गोव्याला, सिल्वासाला गेली. आमच्या पिशव्या टेम्पोत बसून त्यांच्यामागे. पुढे गोव्यातही परवानगी गेली. मग गोण्या तिथून परत आणणं आलंच, आणि पावसात भिजलेल्या जरीचं काय होतं ते विचारू नका.

या धंद्यातलं खरं दुखणं पैशाचं. बिल दिल्यावर नव्वद दिवसांनी पैसे, हा रिवाज. हिंदमाताचा दुकानदार काही नव्वद दिवस थांबत नाही. एक मालिका टीआरपी नाही म्हणून अचानक गुंडाळली, तिचं बिल अजून येणं आहे. बदल्यात तिचा सगळा कपडेपट आमच्या माळ्यावर आहे.

त्या माळ्यानेच सावरलं म्हणा. हिवाळ्यात शाळांची गॅदरिंगं, राज्य नाट्य स्पर्धेला उतरलेल्या हौशी संस्था, कंपन्यांचे पारंपरिक दिवस; मावळे तेव्हा सगळे बाहेर असतात. भाडं रोख, अनामत आधी, डाग पडला तर धुलाई वेगळी. जाऊबाईंनी हाच नियम एकदा प्रॉडक्शनवाल्यांना सांगून पाहिला. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.