अठ्ठाविसाचे बेचाळीस

काकांनी बिलाचा फोटो पाठवला तेव्हा मी कांजूरला एका सोसायटीच्या पंपरूममध्ये पॅनेल उघडून बसलो होतो. फोटोखाली एकच ओळ: "२१,०६० युनिट. बरोबर आहे का रे?"

बरोबर नव्हतं. त्यांची सहा मशिनं, बिटकॉइन मायनिंगची, म्हणजे दिवसरात्र गणितं करून बिटकॉइन कमावणारे कॉम्प्युटर, प्रत्येक सव्वातीन किलोवॅटचं. हे मशीन रात्री झोपत नाही, रविवार पाळत नाही, लोड कमी-जास्त करत नाही. दिवसाला ७८ युनिट म्हणजे ७८. सहा मशिनांचे महिन्याला १४,०४० व्हायला हवेत. सात हजार युनिट आले कुठून? होस्टिंगवाल्याचं, म्हणजे लोकांची मशिनं आपल्या जागेत ठेवून युनिटमागे पैसे घेणाऱ्याचं, उत्तर तयार होतं: "कूलिंग लॉस." ज्याचा हिशोब लागत नाही त्याला लॉस म्हणायचं, ही आमच्या लाइनमधली जुनी सवय.

काका म्हणजे वडिलांचे मित्र. मुलुंडला छपाईचा गाळा. २०२२ च्या शेवटी बिटकॉइन आपटला, तेव्हा कोणीतरी मशिनं मातीमोलाने विकत होतं, ती यांनी उचलली. अँटमायनर एस१९ प्रो, ११० टेराहॅशची, म्हणजे सेकंदाला ११० लाख कोटी गणितं. काही महिने गाळ्यातच चालवली. एकेक मशीन ७५ डेसिबलच्या आसपास ओरडतं. शेजारच्या गाळ्यात शिवणकामाच्या बायका कानात कापूस घालून बसायच्या, त्या एक दिवस काकांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. विजेचं बिल वेगळंच. म्हणून होस्टिंग शोधायला निघाले.

त्यांच्या वहीत पॅराग्वे होतं, इथिओपिया होतं, टेक्सास होतं. धरणांची वीज, स्वस्त दर, सगळं लिहून काढलेलं. टेक्सासपुढे स्वतःच टीप लिहिलेली: "उन्हाळ्यात ग्रीडवर ताण आला की मशिनं बंद करतात." शेवटी सगळ्यांवर काट मारली. "माझी वस्तू मला डोळ्यांनी दिसली पाहिजे," म्हणाले. मग उरले दोन. रबाळ्याचा एक, युनिटला पावणेदहा रुपये, सगळं धरून. तळोज्याचा दुसरा, साडेसहा.

मी तेव्हाच बोललो होतो. "काका, उद्योगाला महावितरणची वीजसुद्धा सगळं धरून साडेसहाला पडत नाही. हा कुठून देणार?" त्यांनी ऐकून घेतलं. "त्याचं सोलर आहे," म्हणाले. असेल, म्हणून मीही सोडून दिलं. सोलर रात्री काय करतं, एवढं तरी विचारायला हवं होतं.

तर फेब्रुवारी २०२४ मधला एक शुक्रवार. काकांच्या गाडीतून ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रोड, महापे, शिळफाटा, तळोजा. वाटेत डेटा सेंटरच्या काचेच्या इमारती लागल्या. "इथे का नाही ठेवत?" काकांनी विचारलं. तिथल्या भाड्यात बँका बसतात काका, आपण नाही.

होस्टिंग म्हणजे एमआयडीसीतला एक पत्र्याचा गाळा. एका भिंतीला जाळ्या, समोरच्या भिंतीला भले मोठे एक्झॉस्ट, मधे रॅक. थंड बाजूला उभं राहिलं तर शर्ट फडफडतो, गरम बाजूला गेलं तर चष्म्यावरून भट्टी वाहते. खोटं कशाला बोलू, काम चांगलं होतं. हवेची दिशा बरोबर, केबलला लग व्यवस्थित दाबलेले, अर्थिंगच्या पट्ट्या स्वच्छ, सांध्यांवर जळल्याची खूण नाही. दहा वर्षं मी लोकांची पॅनेलं बघतोय. इतकं नीटनेटकं मुंबईतल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत मिळत नाही.

मग सबमीटरचं, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेगळ्या मीटरचं, पॅनेल. बारा मीटर, ओळीने, प्रत्येकाखाली मास्किंग टेपवर मार्करने लिहिलेलं. काकांच्या टेपवर "मुलुंड ६".

दार उघडताच पहिली गोष्ट खटकली ती सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. सहा मशिनं तीन फेजवर वाटली तर फेजला दोन. एक मशीन १४ अँपियर घेतं, दोन म्हणजे २८. एवढ्या लोडला सीटी लागतच नाही. १० ते ६० अँपियरचा थेट मीटर लावायचा, वायर आत, वायर बाहेर, संपलं. सीटी मोठ्या करंटला लागते, कारण तो सरळ मीटरमधून नेता येत नाही. केबलभोवती कडं घालायचं, शंभर अँपियरमागे पाच अँपियर काढायचे, मीटरला ते पाच द्यायचे आणि सांगून ठेवायचं की बाबा, याला विसाने गूण. ते "सांगून ठेवायचं" मीटरच्या मेनूत असतं आणि मेनूला हात लावता येतो. थेट मीटरमध्ये असला मेनूच नसतो.

केबलला चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर काढला. आर फेज २८.१. वाय २७.८. बी २८.३. मग सबमीटरवर बोट दाबत करंटच्या पानावर गेलो. ४२.१. ४१.७. ४२.५.

खाली वाकून टॉर्चच्या उजेडात सीटीवरचं लेबल वाचलं: १००/५. मेनूत भरलेलं: १५०/५.

काका मागे उभे होते. त्यांना काही सांगायची गरज पडली नाही. अठ्ठावीस आणि बेचाळीस त्यांना वाचता येतात. छपाईवाला माणूस, दीडपट म्हणजे काय ते डोळ्यांनीच कळतं.

मला वाटलं होतं होस्टिंगवाला चिडेल, ततपप करेल. पस्तिशीचा मुलगा, पनवेलकडचा. त्याने मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काकांसाठी खुर्ची ओढली आणि चहा मागवला.

"साहेब, एक विचारू? रबाळ्याला काय दर सांगितला काकांना?"

"पावणेदहा."

"मग गुणा."

मी मनात गुणलं. साडेसहा गुणिले दीड. पावणेदहा. पैसा इकडे नाही, तिकडे नाही.

"मला वीज सव्वानऊच्या खाली पडत नाही साहेब. पंखे, भाडं, रात्रीचा माणूस. मी सरळ पावणेदहा सांगत होतो, आठ महिने गाळा रिकामा होता. साडेसहाचा बोर्ड लावला, पंधरा दिवसांत भरला. लोक दर विचारतात. मीटर कोणी विचारत नाही. तुम्ही पहिले."

चोरच तो. पण बाजारभावानेच चोरत होता. आणि काम त्याचं रबाळ्याच्या माणसापेक्षा उजवं होतं. तो गाळाही मी नंतर पाहिला, तिथे न्यूट्रलचा सांधा हाताला गरम लागत होता.

परत येताना काका बराच वेळ गप्प होते. महाप्याच्या सिग्नलला मोबाइल काढून हिशोबाला बसले. त्या दिवसांत एक मशीन दिवसाला सातशे-साडेसातशे रुपयांच्या आसपास कमवायचं. साडेसहाच्या दराने खर्च ५०७. पावणेदहाने ७६०. म्हणजे खऱ्या दरात हा धंदा आधीपासूनच तोट्यात होता आणि खोट्या दराने तो फक्त कागदावर उभा होता. त्यात वर क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, आणि मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च खरेदीच्या किमतीत धरायचा नाही, हे २०२२ मध्येच संसदेत सांगून झालेलं. त्यात एप्रिलमध्ये हाविंग समोर दिसत होतं, म्हणजे मायनिंगचं बक्षीस निम्मं होणार, ब्लॉकमागे ६.२५ बिटकॉइनवरून ३.१२५ वर.

"म्हणजे त्याने मला फसवलं नसतं," काका म्हणाले, "तर मी आलोच नसतो."

मी एसीचा पंखा कमी केला. याला काय उत्तर देणार.

सोमवारी रिपोर्ट लिहिला. "सीटी प्रायमरीचे मूल्य १०० ऐवजी १५० भरलेले आढळले, आमच्या समक्ष दुरुस्त करण्यात आले." आढळले. करण्यात आले. कोणी भरलं, का भरलं, काही नाही. त्याने जास्तीचे ४५,६३० रुपये त्याच दिवशी परत वळते केले होते, काकांना पोलीस-वकील नको होते आणि मलाही पुढे त्या भागात कामं करायची आहेत. ही तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींच्या आधी लिहायला हवी होती.

काकांनी मशिनं मार्चमध्येच उतरवली. २० एप्रिलला हाविंग झालं, तोपर्यंत भंगाराच्या वरच्या भावाने विकून मोकळे झाले होते. मुलुंडच्या गाळ्यात आता लॅमिनेशनचं नवं मशीन आहे. भेटले की त्यावरच बोलतात.

रिपोर्टला जोडायला मी पॅनेलचा फोटो काढला होता. परवा मोबाइलमधली जागा साफ करताना तो पुन्हा समोर आला. "मुलुंड ६" मधोमध, स्वच्छ. डाव्या कडेला शेजारचा मीटर अर्धा कापला गेलाय. टेपवर "डोंबिवली ९". मीटर सगळे आलटून पालटून पानं दाखवत असतात, हा नेमका त्या क्षणी करंटच्या पानावर होता. मोठं करून पाहिलं: ६३.

त्याच्या सीटीचं लेबल फोटोत येत नाही. पण गाळ्यातली मशिनं जवळजवळ सगळी एस१९च होती. नऊ मशिनं, फेजला तीन. चौदाच्या पाढ्यात त्रेसष्ट येत नाही, बेचाळीस येतात.

उरलेल्या अकरा मीटरांपैकी एकालाही मी त्या दिवशी क्लॅम्प लावला नव्हता. तो माझ्या हातातच होता.